खुर्चीच्या पोटातला जबाब

सोफामावशींच्या दुकानात वीस-बावीस खुर्च्या सहज असत, पण बसायला एकही नसे. कुणाची बैठक काढलेली, कुणाचा पाय तुटलेला, कुणाच्या स्प्रिंगा डोकं वर काढून रस्त्यावरची रहदारी बघत असलेल्या. गिऱ्हाईक उभ्याउभ्या घासाघीस करी आणि पाय दुखायला लागले की मावशी सांगतील त्या भावाला मान डोलावून मोकळं होई. ही मावशींची युक्ती आहे असं गल्लीतले लोक म्हणत. मावशी म्हणत, "युक्ती कसली डोंबलाची? जागा कुठाय?"

जागा खरंच नव्हती. रस्त्यालगत एकच लांबट खोली, मध्ये आडवं कपाट. कपाटाच्या अलीकडे काथ्या, गोणपाट, फोम आणि कारखाना. पलीकडे पलंग, शेगडी आणि संसार. ही खोली सासऱ्यांची. तीस वर्षं लोकांच्या सोफ्यांची पोटं भरून त्यांनी ती घेतली आणि जाताना सुनेच्या नावावर करून गेले. मुलाच्या नाही, सुनेच्या. कारण मुलाला लहानपणापासून काथ्याची शिंक येई, म्हणून तो बसचा ड्रायव्हर झाला. आणि सून मात्र लग्नानंतर महिनाभरातच दाभण हातात धरून सासऱ्यांच्या समोर बसली. गल्लीत तेव्हा बरीच कुजबुज झाली. सासरे एवढंच म्हणाले, "ज्याच्या हातात धंदा, त्याच्या हातात किल्ली."

पुढे क्लच दाबून दाबून ड्रायव्हरकाकांचा डावा गुडघा गेला. घरी बसल्यावर काथ्याची शिंकही गेली, किंवा काकांनी तिला हाकलून दिलं. ते जमिनीवर पाय पसरून बसत आणि पक्कड घेऊन जुन्या खुर्च्यांचे गंजलेले खिळे उपटत. नवे खिळे ठोकायच्या मावशी. "बत्तीस वर्षं हेच चाललंय, ती ठोकते आणि मी उपटतो," असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

सासऱ्यांनी सुनेला आणखी एक सवय लावली होती. खुर्चीचं पोट बंद करायच्या आधी, म्हणजे खालचं काळं कापड ठोकायच्या आधी, आतल्या लाकडावर सुताराच्या पेन्सिलीनं तारीख, भरलेला माल आणि मजुरी लिहायची. दहा-पंधरा वर्षांनी ती खुर्ची पुन्हा कुणी उघडली, तर त्या कारागिराला कळावं आत काय आहे. मावशींनी ही सवय पाळली आणि वाढवली. तारखेखाली त्या मनातलं एखादं वाक्यही लिहू लागल्या. लाकूड कुणाला जाऊन सांगत नाही, उलट उत्तर देत नाही आणि मध्येच "अगं पण" म्हणत नाही. शहरातल्या कितीतरी प्रतिष्ठित बैठकींच्या खाली मावशींचं मन असं उलटं पडलेलं होतं. त्यावर मोठमोठी माणसं निवांत बसत आणि त्यांना कसलाच पत्ता नसे.

आता कर्जाची गोष्ट. एका जुन्या चित्रपटगृहानं दोनशे खुर्च्यांचं काम देऊ केलं. रेक्झिन जाड, मावशींचं शिलाईयंत्र म्हातारं. नवं दणकट यंत्र घ्यायचं तर दोन लाख हवेत. बँकेनं इतके कागद मागितले की ते जमवायला वेगळं कर्ज काढावं लागलं असतं. तेव्हा मावशी गेल्या हसऱ्या साहेबांकडे.

साहेबांचं खरं नाव कुणी घेत नसे. परवान्याचा सावकार, चौकातल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, आणि चेहऱ्यावर चोवीस तास हसू. व्याजाचा दर सांगतानाही हसत आणि घरातलं सामान उचलून नेतानाही. गोगलगाय आणि पोटात पाय, दुसरं काय! पण अडला हरी गाढवाचे पाय धरी, तिथे मावशींना तर नुसते दोन जिने चढायचे होते.

साहेबांनी चार कागद पुढे सरकवले. ते कोरे होते. खाली फक्त बारीक फुल्या, सही कुठे करायची त्याच्या.

"यात लिहिलेलं काहीच नाही," मावशी म्हणाल्या.

"टायपिस्ट रजेवर आहे हो. उद्या भरून घेतो. तुमचा-माझा विश्वास महत्त्वाचा, की टायपिस्ट?"

या प्रश्नाला कुणीही 'टायपिस्ट' असं उत्तर देत नाही. मावशींनी सही केली. हातात आले एक लाख ऐंशी हजार. वीस हजार फाइलचा खर्च. एवढा खर्च यायला ती फाइल कातड्याची होती की काय कोण जाणे. हप्ते मांडायला एक पिवळं कार्ड मिळालं. कराराची प्रत मिळाली नाही.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एकशे दहाव्या खुर्चीला चित्रपटगृहानं मान टाकली. मालकानं कुलूप लावलं आणि उरलेलं काम, उरलेले पैसे दोन्ही अंधारात गेले. मावशींनी इकडचं तिकडे करून हप्ते भरले, तरी मधूनमधून चुकायला लागले. तेव्हा हसरे साहेब म्हणाले, "पैसे नाहीत तर काम करा. माझ्या ऑफिसच्या खुर्च्या झिजल्यात. हप्त्यात धरू."

मावशींना हे देवानं दिलेल्या वरासारखं वाटलं. एकेक खुर्ची दुकानात यायची, काका खिळे उपटायचे, मावशी भरायच्या आणि परत पोचवायच्या. कार्डावर नोंद करा म्हटलं की साहेब हसून म्हणत, "काम कार्डावर चढत नाही हो, ते आपलं आपल्यात." तीन वर्षांत सतरा नग झाले. दोन सोफे त्यातच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असाच असतो, फरक इतकाच की इथे बुक्क्या मारून घेणाऱ्यानं मालही स्वतःचाच वापरला.

आणि एका सकाळी नोटीस आली. तीस दिवसांत चार लाख साठ हजार भरा, नाहीतर करारातल्या अमुक कलमाप्रमाणे दुकानाची खोली सावकाराच्या मालकीची होईल.

मावशी कपाटाच्या पलीकडे जाऊन पलंगावर बसल्या आणि रडल्या. काकांनी नोटीस तीनदा वाचली, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. "खोली? तू खोली लिहून दिलीस?"

"मी कुठे लिहून दिली? कागद कोरा होता. मला आत्ताच कळतंय." हे बोलताना मावशींनी नवऱ्याकडे पाहिलं नाही.

शेजारच्या झेरॉक्सवालीनं सांगितलं की कोर्टाच्या आवारात, डावीकडच्या तिसऱ्या खोलीत, दर मंगळवारी मोफत कायदा सल्ला मिळतो. मावशी जायला तयार नव्हत्या. त्यांचं गणित साधं होतं: सही केली म्हणजे शब्द दिला, आणि दिलेल्या शब्दावर कोर्टात भांडणं म्हणजे लबाडी. सासऱ्यांच्या दुकानातून असं आजवर झालेलं नाही. शेवटी काकांनीच त्यांना रिक्षात कोंबलं.

तिथली वकीलबाई वयानं त्यांच्या लेकीएवढी. समोर टेबल, टेबलाखाली स्वतःचा डबा, आणि अकराला चहाला उठण्याबद्दल प्रसिद्ध. तिनं नोटीस वाचली आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली.

"कराराची प्रत दिली का तुम्हाला?"

"नाही."

"सही केली तेव्हा कागद भरलेला होता?"

"कोरा होता. पण सही माझीच आहे हो. ती मी नाकारणार नाही."

"नाकारू नकाच. सही तुमची आहे, करार तुमचा नाही. कोऱ्या कागदावर सही घेणं हाच सावकाराचा गुन्हा आहे. वर व्याज बघा, परवान्याच्या मर्यादेच्या तिप्पट लावलंय. मावशी, कायदा नुसता कागद वाचत नाही. कागदामागे खरा व्यवहार काय झाला, तेही उघडून बघायचा अधिकार आहे त्याला. अडलेल्या माणसाची मान पकडून लिहून घेतलेलं कलम टिकत नाही."

मावशींना यातलं 'उघडून बघायचा' एवढं नेमकं समजलं. तो त्यांचाच धंदा होता.

"रोख किती भरलेत?" वकीलबाईनं विचारलं.

"एक लाख साठ हजार. कार्डावर आहे. आणि सतरा नग काम."

"कामाची पावती?"

"नाही."

"साक्षीदार?"

मावशींनी काकांकडे पाहिलं. "नवऱ्याची साक्ष धरत नाहीत," वकीलबाई म्हणाली, "म्हणजे धरतात, पण कुणी मनावर घेत नाही." काकांना हे घरून माहीत होतं.

"लिहिलेलं आहे," मावशी हळूच म्हणाल्या. "पण ते त्यांच्या ऑफिसात आहे. खुर्च्यांच्या आत."

वकीलबाई त्या दिवशी चहाला उठली नाही.

सावकारांच्या परवान्यांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर तक्रार गेली, आणि वकीलबाईनं जागेवर पाहणी करण्याचा अर्ज दिला. हसरे साहेब म्हणाले, सोफावाल्या बाईंचं काम वेगळं होतं, त्याचे पैसे रोख चुकते केलेत; आणि माझं फर्निचर फाडणार का तुम्ही? मावशींना हे लागलं. "मी उसवते," त्या म्हणाल्या. "फाडत नाही."

ठरलेल्या दुपारी दुसऱ्या मजल्यावर ही सगळी वरात पोचली: जाड भिंगाचे, कमी बोलणारे अधिकारी, त्यांचा कारकून, वकीलबाई, पक्कड घेतलेल्या मावशी आणि टॉर्च धरायला काका. पहिली खुर्ची उलटी केली. मावशींनी काळ्या कापडाच्या एका बाजूचे खिळे टकटक काढले. आतून मूठभर धूळ पडली. काकांनी टॉर्च मारला आणि कारकून बातम्या वाचाव्यात अशा सपाट आवाजात वाचू लागला.

"तारीख अमुक. काथ्या नवा, फोम दोन इंची. मजुरी नाही, हप्त्यात धरायची म्हणाले. चहासुद्धा नाही."

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून साहेबांकडे पाहिलं.

"हे यांनी आता लिहिलं असेल," साहेब हसून म्हणाले.

"आत्ता? तुमच्या देखत? आणि धूळ घरून आणली?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "पुढची."

पुढची गिऱ्हाइकांची खुर्ची. कारकून वाचत होता, "याच खुर्चीत बसून कोऱ्या कागदावर सही केली. तेव्हाही स्प्रिंग टोचत होती, तरी मी उठले नाही. आता स्प्रिंग बदलली. हप्त्यात."

तिसरी, चौथी, पाचवी. "हप्त्यात." "हप्त्यात." "साहेब आज फार हसले, म्हणजे व्याज वाढलं असणार. हप्त्यात." कारकुनाचा आवाज आता तितकासा सपाट राहिला नव्हता. वकीलबाई खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. मावशींना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. लाकडाशी बोलताना कधी वाटलं होतं, की एक दिवस सरकार येऊन हे मोठ्यानं वाचेल?

शेवटी साहेबांची स्वतःची उंच पाठीची खुर्ची राहिली. कारकुनानं हात घातला तोच मावशी म्हणाल्या, "ती नका धरू. तिचे पैसे मिळालेत मला. तेराशे, रोख."

वकीलबाईनं कपाळावर हात मारला. अधिकाऱ्यांनी तरी खुर्ची उलटी करायला लावली. आत लिहिलं होतं: "तेराशे रोख मिळाले. स्वतःच्या बुडाखालचं म्हटल्यावर दिले."

अधिकाऱ्यांनी कारकुनाला सांगितलं, "सोळा नग लिहा. आणि हेही लिहा, की सतरावा वगळायला तक्रारदारानं स्वतः सांगितलं." त्या क्षणी हसऱ्या साहेबांचा चेहरा पहिल्यांदाच विश्रांतीला गेला. माणूस खोटं लिहीत असता तर मिळालेले पैसे कशाला लिहीत बसला असता, एवढं त्यांनाही कळत होतं.

पण त्या सोळांमध्ये सोफ्याची एक पट्टी अशी होती, की ती वाचून कारकूनही थांबला. मग त्यानं हळू आवाजात वाचली, "आज साहेबांनी सांगितलं, खोली करारात आहे. यांना सांगितलं नाही. गुडघ्यानं आधीच रडवलंय." तारीख होती सव्वा वर्षापूर्वीची.

काकांनी टॉर्च दुसऱ्या पट्टीकडे वळवला.

जिना उतरताना काका एकेक पायरी मोजत होते. खाली आल्यावर म्हणाले, "सोळा नगांचे खिळे मी उपटले. फुकट उपटतोय हे माहीत नव्हतं मला. ते जाऊ दे. पण सव्वा वर्षं माहीत होतं तुला. लाकडाला सांगितलंस. मला नाही सांगितलंस."

नोटीस आली त्या दिवशी आपण साळसूदपणे जे रडलो, ते आठवून मावशींना स्वतःचीच लाज वाटली.

तीन आठवड्यांनी निकाल आला. खोलीचं कलम रद्द. व्याज परवान्याच्या मर्यादेत आणलेलं, मुद्दल प्रत्यक्ष हातात आलेल्या रकमेवर धरलेलं, सोळा नगांची मजुरी आणि माल बाजारभावानं वजा केलेला. बाकी देणं राहिलं तेरा हजार आठशे. शिवाय कोऱ्या सह्या घेतल्याबद्दल साहेबांच्या परवान्याची चौकशी सुरू. झेरॉक्सवालीनं निकालाच्या पाच प्रती फुकट काढून दिल्या. गल्लीतले लोक अभिनंदनाला येऊन उभे राहिले, कारण बसायला अर्थातच काही नव्हतं.

एकटे काका गप्प. ते या तीन आठवड्यांत "खिळ्यांचा डबा दे" याच्यापलीकडे फारसं बोलले नव्हते. मावशींना खोली परत मिळाल्याचा आनंद साजरा करता येईना. खोली मिळाली, पण खोलीतला माणूस रुसलेला. मग ती खोली घेऊन काय करायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडल्या उघडल्या त्या काकांसमोर उभ्या राहिल्या. हातात हातोडी तशीच होती.

"अहो, ऐका. तेरा हजार आठशे द्यायचेत. मी गुपचूप देऊन टाकणार होते, पण नाही. कपाटात जुन्या कव्हरांच्या खाली चार हजार आहेत. बाकीचे तीन महिन्यांत होतील. आणि त्या दिवशी मी खोटं बोलले. खोलीचं मला माहीत होतं. तुमची झोप उडेल म्हणून नाही सांगितलं. चुकलं माझं. झालं? आता तरी बोला काहीतरी."

काकांनी पकडीतला खिळा डब्यात टाकला. "चार हजारांचं मला ठाऊक आहे."

"कसं?"

"दोनदा मोजलेत मी." त्यांनी पक्कड खाली ठेवली. "तुला वाटलं मी रागावलोय. रागावलो होतो. दोन दिवस. मग मला आठवलं की मला रागवायचा अधिकार नाही."

"म्हणजे?"

"कंडक्टर आठवतो ना माझा? अकरा वर्षं माझ्या गाडीवर होता तो. लेकीच्या प्रवेशासाठी त्याला पैसे हवे होते. दोन वर्षांपूर्वी. जामीन राहायला कुणी मिळेना."

मावशी एक पाऊल पुढे आल्या. "कुणाकडून घेतले त्यानं?"

काकांचे कान लाल झाले.

"तोच हसरा?"

"तोच."

"कागद भरलेला होता?"

"टायपिस्ट रजेवर होता," काका म्हणाले.

मावशींच्या हातात हातोडी होती, हे पुन्हा एकदा सांगितलं पाहिजे. रस्त्यापलीकडची झेरॉक्सवाली कामधाम सोडून दारात येऊन उभी राहिली होती. मावशी जे काही बोलल्या ते गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू गेलं, त्यात काकांची अक्कल, काकांचं पेन्शन, कंडक्टर, कंडक्टरचे पूर्वज आणि "लाकडाला सांगितलंस म्हणे!" हे चार-पाच वेळा येऊन गेलं. काका मान खाली घालून ऐकत होते. सगळं ओतून झाल्यावर मावशींना दम लागला.

"मला का नाही सांगितलंत?"

"नोटीस आली त्या दिवशी सांगणार होतो. पण तू रडत होतीस. म्हटलं आणखी एक कशाला? आणि त्याच्या आधी..." काका थांबले. "आधी रोज सांगणार होतो."

मावशींनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. खिळ्यांच्या डब्याशेजारी पाय पसरून बसलेला हा माणूस दोन वर्षं रोज सांगणार होता आणि रोज सांगत नव्हता. ती दोन वर्षं कशी जातात, हे या शहरात त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? राग निघून गेला असं नाही, तो तिथेच होता. पण त्याच्या शेजारी माया येऊन बसली आणि जागा अपुरी पडू लागली. त्यांनी हातोडी कपाटावर ठेवली.

"आज वार कोणता?"

"मंगळवार."

"मग उठा. अकराच्या आत पोचलं पाहिजे. कंडक्टरला फोन लावा, म्हणावं हप्त्याचं कार्ड घेऊन थेट तिकडेच ये."

"आज? हा सोफा संध्याकाळी द्यायचाय."

"सोफा थांबेल. उठा म्हणते ना!"

आणि काका गुडघ्याचं नावही न काढता उठले.